येऊ देत बाबांना!

आमच्या धाकट्या चिरंजिवांची निबंधाची वही गेल्या श्रावणात आमच्या हाती पडली ती केवळ पालकाची सही हवी होती म्हणून. सह्या करण्याचे काम आमच्या घरात आमच्याकडे आहे. निबंधाचा विषय ‘माझे बाबा’. चौथीतल्या मुलाने लिहिलेल्या सात ओळी वाचावयास असा कितीसा वेळ लागणार? परंतु त्या वहीपाशी आम्ही बराच वेळ बसून राहिलो. ‘माझे बाबा रोज ऑफिसात जातात. ते खूप काम करतात. त्यांना आवाज आवडत नाही. त्यांच्या चपला दारात दिसल्या की आम्ही कॅरम आवरतो. मी मस्ती केली तर आजी म्हणते, येऊ देत बाबांना. ते आले की सगळे शांत बसतात. माझे बाबा खूप चांगले आहेत.’ बाईंनी खाली ‘छान’ असा शेरा देऊन दहापैकी आठ गुण दिले होते. दोन गुण ऱ्हस्वदीर्घात गेले.

या निबंधात तक्रारीचा सूर यत्किंचितही नव्हता, आणि आम्हांस लागले ते हेच. ‘बाबा रागीट आहेत’ असे त्याने लिहिले असते तर त्याची समजूत घालता आली असती, निदान मनातल्या मनात त्याच्याशी वाद तरी घालता आला असता. परंतु ढग आले की वाळत घातलेले कपडे काढावयाचे, तसे बाबा आले की कॅरम आवरावयाचा, इतक्या सहजपणे ते वाक्य लिहिलेले होते. शेवटच्या ‘खूप चांगले’चे आम्हांस फारसे समाधान वाटले नाही. गाईवरच्या निबंधाचा शेवटही चिरंजीव तसाच करतात.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांची घरे आमच्या घरासारखीच, म्हणजे तीन पिढ्यांची आणि एका स्वयंपाकाची आहेत. म्हणूनच ही घरगुती गोष्ट या सदरात मांडण्याचे धाडस करीत आहोत.

‘येऊ देत बाबांना!’ हे वाक्य एकत्र कुटुंबात किती जुने आहे, कोण जाणे. आम्ही ते लहानपणी ऐकले, आमच्या तीर्थरूपांनीही ऐकले. त्याची सोय मोठी आहे. दिवसभर मुलांना सांभाळणारी आजी, आई, काकू ही माणसे प्रेमळ असतात तशीच दमलेलीही असतात. तेव्हा दुपारी चार वाजता घडलेला गुन्हा सायंकाळच्या कोर्टाकडे वर्ग करण्यात येतो. बाप साडेसातला येतो. काच कोणाच्या चेंडूने फुटली हे त्याने पाहिलेले नसते. आरोपी बिचारा तीन तास आधीच रडून मोकळा झालेला असतो, आणि पुष्कळदा फिर्यादीचा रागही तोवर निवलेला असतो. तरीही निकाल द्यावा लागतो, कारण तो न दिल्यास उद्या आजीच्या शब्दास किंमत उरत नाही. हे फौजदाराचे पद आपण मागून घेतलेले नसले तरी ते सोडवत नाही, हेही कबूल केले पाहिजे. कचेरीत दिवसभर ज्याचे कोणी ऐकत नाही, अशा गृहस्थास दारात पाऊल टाकताच घर चिडीचूप झालेले बरे वाटते. आम्हांस तरी वाटत असे.

जुन्या घरांत आणखी एक रीत होती. वडीलधाऱ्यांच्या देखत आपल्या स्वतःच्या मुलास उचलून घ्यावयाचे नाही. पुतण्यास कडेवर घ्यावे, भाच्यास खांद्यावर बसवावे. त्यास कोणी नाव ठेवीत नसे. पण वडिलांसमोर आपल्याच मुलाचे लाड करणे म्हणजे मर्यादा सोडणे. आजच्या तरुण वाचकांस या रीतीचे हसू येईल. पण तिच्यात शहाणपण नव्हते असे नाही. ज्या घरात चार भावांची बारा मुले एका पंगतीस बसत, तेथे प्रत्येकाने आपापले मूल मांडीवर घेतले असते, तर ज्याचा बाप दूर नोकरीस किंवा देवाघरी गेला आहे त्या पोराने कोणाच्या तोंडाकडे पाहावे? सारी मुले घराची, असा त्या संकोचाचा अर्थ होता. बापाने हात आखडला तरी काकाची मांडी मोकळी असे. पुढे वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, चारांतले तीन काका बंगळूरला नाही तर परदेशात गेले, आणि मांड्या कमी झाल्या. बापाचा आखडलेला हात मात्र पुष्कळ घरांत तसाच राहिला.

त्यास शास्त्राधारही हाताशी होता. पाच वर्षे लालन करावे, पुढे दहा वर्षे ताडन करावे आणि सोळावे लागले की पुत्राशी मित्राप्रमाणे वागावे, अशा अर्थाचे चाणक्यनीतीतील सुभाषित ठाऊक नसलेला गृहस्थ आमच्या मागच्या पिढीत विरळाच. काहींनी ते अक्षरशः पाळले. आचार्य विनोबा भावे यांनी आपल्या आठवणींत सांगितले आहे की, लहानपणी वडिलांचा मार हा जवळजवळ नित्याचा होता. आणि एके दिवशी तो अचानक थांबला. का थांबला याचे त्यांना नवल वाटले. मागाहून उलगडा झाला तो असा की, त्यांस सोळावे वर्ष लागले होते, आणि वडिलांनी शास्त्राची आज्ञा मोडली नाही. विनोबांचा जन्म १८९५ चा, तेव्हा ही गोष्ट सुमारे १९१० ची. वडिलांविषयी विनोबा आदरानेच बोलत, आणि त्या गृहस्थांचा प्रामाणिकपणा खरोखर थक्क करणारा आहे. परंतु आमच्यासारख्या सामान्य बापास प्रश्न पडतो तो दुसऱ्याच दिवसाचा. काल सायंकाळपर्यंत ज्याच्या हाताकडे पाहून मुलगा अंग चोरीत होता, त्याच्याशी आज सकाळी त्याने मैत्री तरी कशी करावी? तिथी पाहून मार थांबविता येईल. ओळख कशी सुरू करणार?

शाळेतील छडी २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याने बंद झाली. घरातील हातास कायद्याचा असा अटकाव नाही, आणि आमचाही हात, निबंधाच्या आधी थोडेच दिवस, उगारला गेला होता. त्याची हकीकत पुढे येईल.

‘बापाला वेळ कुठे असतो?’ असे कोणी म्हणेल. भारत सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभरातील माणसांच्या चोवीस तासांचा हिशेब घेतला होता. घरातील मुले, वृद्ध, आजारी यांच्या देखभालीत दिवसातून काही वेळ घालविणाऱ्या स्त्रिया त्यात शेकडा २७.६ निघाल्या, तर पुरुष शेकडा १४. जे पुरुष हे काम करीत त्यांचा वेळ सरासरी ७६ मिनिटे, स्त्रियांचा १३४. या मोजणीत सहा वर्षांवरील सारीच माणसे, म्हणजे शाळकरी मुलेही धरलेली आहेत. तेव्हा सगळा आकडा बापांच्या माथी मारण्याचे कारण नाही. तरीपण जे करतात त्यांना सव्वा तास सापडतो, एवढे त्यावरून दिसते. ‘पुरुषाचा पिंडच तसा नाही’ असे म्हणणाऱ्यांनी दुसरा एक शोध पाहावा. फिलिपीन्समधील सेबू येथील ६२४ तरुणांची काही वर्षांच्या अंतराने तपासणी करून २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, बाप झालेल्यांच्या रक्तातील टेस्टोस्टेरॉन हे पौरुषाचे द्रव्य उतरते, आणि जे बाप रोज तीन तास किंवा अधिक काळ मुलाचे करतात त्यांच्यात ते अधिक उतरलेले असते. म्हणजे पिंडही सवयीने बदलतो. आमचे धाकटे बंधू हे वाचून किंचित गंभीर झाले. पण त्यांची कन्या त्या वेळी त्यांच्या पाठीवर बसली होती, त्यामुळे त्यांस काही करता आले नाही.

आता आमच्या प्रयोगाकडे वळू. निबंध वाचल्यावर आम्ही कोणताही मोठा संकल्प सोडला नाही. संकल्पांचे आमचे आयुष्य आम्हांस ठाऊक आहे. एवढेच ठरविले की, घरी आल्यावर हातपाय धुऊन, कपडे बदलून, मोबाईल फडताळात ठेवावयाचा आणि वाड्यातून आणलेल्या झोपाळ्यावर पंधरा मिनिटे बसावयाचे. आणि कोणास काही विचारावयाचे नाही. ही शेवटची अट घालण्यास कारण होते. मागल्या आठवड्यात आपण मुलाशी काय काय बोललो हे आठवून पाहिले, तेव्हा ‘गृहपाठ झाला का’, ‘किती मिळाले’, ‘दात घासलेस का’ यांपलीकडे आमची मजल गेलेली दिसेना. ही सारी तपासणी होती, आणि तपासनीसाशी गप्पा मारावयास कोणास आवडते?

पहिल्या दिवशी आम्ही झोपाळ्यावर बसलो मात्र, चिरंजीव आपण होऊन गणिताची वही घेऊन पुढे उभे राहिले. आम्ही म्हटले, ‘वही नको.’ तो क्षणभर थांबला. ‘मग मी जाऊ?’ ‘जा.’ तो गेला. दुसऱ्या दिवशी तोही आला नाही. तिसऱ्या दिवशी मातोश्रींनी आमच्या सौभाग्यवतींस स्वयंपाकघरात हळूच विचारल्याचे आमच्या कानी आले, ‘त्याला कचेरीत कुणी काही बोललं का ग? नुसताच बसून असतो.’ रिकाम्या हातांनी बसलेला कर्ता पुरुष हे घरातल्या माणसांस काळजीचे दृश्य वाटते. आणि खरे सांगावयाचे तर ती पंधरा मिनिटे आम्हांसही जड जात. हात सारखा फडताळाकडे वळे.

कोंडी फोडली ती बंधूंच्या चार वर्षांच्या कन्येने. आम्ही तिचे काका. तिच्या लेखी आम्ही फौजदार नव्हे. ती सरळ झोपाळ्यावर चढली आणि ‘जोरात’ अशी आज्ञा केली. तिला झोके देत असता चिरंजीव दाराशी उभे राहून पाहत होते. दोन दिवसांनी तेही दुसऱ्या टोकाशी येऊन बसले. वडिलांच्या घरात मुलाने काकाच्या वाटेने शिरावे, ही गंमत आम्हांस तेव्हाच जाणवली. जुन्या रीतीने निदान तेवढी वाट उघडी ठेवली होती.

बाराव्या किंवा तेराव्या दिवशीची गोष्ट. बाहेर पाऊस पडत होता, वीज गेली होती. झोपाळा चालू होता आणि कोणी बोलत नव्हते. मध्येच तो म्हणाला, ‘बाबा, फळ्यावरचं सगळ्यांना दिसतं का?’

आम्ही म्हटले, ‘म्हणजे?’

‘म्हणजे मागच्या बाकावरून.’

हळूहळू सारे बाहेर आले. जूनमध्ये वर्गात उंचीप्रमाणे बसविले तेव्हा तो मागच्या बाकावर गेला. तेव्हापासून फळ्यावरची अक्षरे त्यास पुसट दिसत होती. सगळ्यांना तशीच दिसत असतील, असे त्यास वाटे. आणि म्हणून तो शेजारच्या मुलाच्या वहीतून उतरवून घेई. शेजाऱ्याचे अक्षर किरटे असल्याने तीनाचे आठ होत, एकाचे सात होत. आणि याच तीनाच्या आठाबद्दल आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी आम्ही त्याच्या गालावर मारली होती. ‘लक्ष कुठे असतं तुझं?’ असे विचारून मारली होती, हे आम्हांस लख्ख आठवले.

‘अरे, मग तेव्हाच का नाही सांगितलंस?’

तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘तेव्हा तुम्ही लक्षाचं विचारत होतात.’

नेत्रवैद्यांनी दोन्ही डोळ्यांस उणे अडीचचा चष्मा दिला. हल्ली लहान मुलांत जवळचे दिसून दूरचे न दिसण्याचा दोष फार वाढतो आहे, आणि रोज काही वेळ दिवसाउजेडी बाहेर खेळणे हे त्यावर उपकारक ठरते, तेव्हा मुलास मैदानावर धाडा, असेही त्यांनी सांगितले. आमच्या घरात नऊ माणसे आहेत. त्यांतली सहा प्रौढ, त्या सहांतली तीन पदवीधर, एक तर शिक्षिकाच. एका मुलास अडीच महिने दिसत नाही, हे आम्हां सहाजणांस कळले नाही. प्रत्येकास वाटे, दुसऱ्याचे लक्ष आहे. एकत्र कुटुंबाचे गोडवे या सदरातून आम्ही अनेकदा गायिले आहेत आणि पुढेही गाऊ. परंतु त्याच्या या एका छिद्राकडे आमच्या वाचकांनी अवश्य पाहावे. जे सर्वांचे असते, ते पुष्कळदा कोणाच्याच रोजच्या नजरेत राहत नाही.

त्या रात्री पानावर बसल्यावर आम्ही मुलास म्हटले, ‘त्या दिवशी तुला मारलं ते माझं चुकलं.’ हे एकांतात म्हणता आले असते. पण मारले होते ते सर्वांच्या देखत, तेव्हा हेही सर्वांच्या देखत म्हणावे असे वाटले. वाटले खरे, पण वडिलांसमोर स्वतःच्या मुलाची क्षमा मागताना घसा कोरडा पडला, हे लपवीत नाही. तीर्थरूपांचा घास हातात राहिला. मातोश्रींनी आमटीचे भांडे उगाचच पुढे सरकविले. चिरंजीव मात्र ‘बरं’ एवढेच म्हणून पापड मोडू लागले.

जेवणे झाल्यावर तीर्थरूपांनी आम्हांस खोलीत बोलाविले. आता काही ऐकावे लागणार, अशा तयारीने आम्ही गेलो. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षीही पावले तशीच पडतात. त्यांनी दार लोटून घ्यावयास सांगितले आणि आपल्या लहानपणची एक गोष्ट सांगितली. ते सात वर्षांचे असताना त्यांस विषमज्वर झाला होता. दिवसभर आई उशाशी असे. रात्री मात्र दिवा बारीक केल्यावर कपाळावरची ओली घडी बदलणारा हात आईचा नसे. डोळे उघडण्याची शक्ती नव्हती. परंतु त्या हातास तपकिरीचा वास येई. सकाळी आमचे आजोबा उंबऱ्याशी उभे राहून, मुलाकडे न पाहता, आजीस विचारीत, ‘उतरला का ताप?’ आणि पूजेस निघून जात. पुढे आजोबा आणखी तीस वर्षे जगले. बापलेकांत त्या रात्रींविषयी कधी एक शब्दही झाला नाही. ‘मी त्यांना कधी विचारलं नाही,’ तीर्थरूप म्हणाले, ‘आणि वास तपकिरीचाच होता की मला तापात तसं वाटलं, हे आता कोण सांगणार?’ तीर्थरूप आज एक्याऐंशी वर्षांचे आहेत. ही गोष्ट त्यांनी आम्हांस प्रथमच सांगितली, आणि सांगून झाल्यावर दिवा मालवावयास सांगितले.

जुने बाप निष्ठुर होते, असे आम्हांस तेव्हापासून म्हणवत नाही. हात होता, तो रात्री, अंधारात होता, आणि ज्याच्या कपाळावर होता त्यास तो कोणाचा हे ऐंशी वर्षांपर्यंत खात्रीने कळू शकले नाही.

गुजराथेत गिजुभाई बधेका या नावाचे एक वकील होऊन गेले. त्यांस मुलगा झाला आणि या मुलास कसे वाढवावे या विचाराने ते इतके पछाडले की वकिली सोडून बालशिक्षणात शिरले. १९२० साली त्यांनी भावनगरास बालमंदिर काढले. पुढे १९२६ मध्ये त्यांच्या आणि ताराबाई मोडक यांच्या प्रयत्नांतून नूतन बालशिक्षण संघ निघाला, आणि ताराबाईंनी ते काम मराठी मुलुखात आणले. ‘आईबाप होणे कठीण आहे’ अशा अर्थाच्या नावाचे गिजुभाईंचे एक गुजराथी पुस्तक आहे. सर्वच वकिलांनी वकिली सोडावी असे आमचे म्हणणे नाही. बरीच घरे उघडी पडतील. पण मुलास काही शिकविण्यापूर्वी त्याच्याकडे नुसते पाहत बसावे, हे या मंडळींनी केले, आणि त्यासाठी झोपाळ्यावरची पंधरा मिनिटेही पुरतात.

फौजदारीचा राजीनामा देणे याहून अवघड गेले. ‘येऊ देत बाबांना असे म्हणू नका’ हे मातोश्रींस सांगावयाचे कोणी? सौभाग्यवती म्हणाल्या, ‘मी सांगितलं तर ते सुनेचं बोलणं होईल. तुम्ही सांगितलंत तर मुलाचं.’ यात मोठे तथ्य होते. आम्ही मातोश्रींस एवढेच म्हटले की, दुपारच्या गोष्टीचा निकाल दुपारी आणि तुझ्याच हातून लागावा. संध्याकाळी मी दोन्ही बाजू ऐकेन, पण तुझ्या निकालावर अपील चालविणार नाही. दोन दिवस त्या घुश्श्यात होत्या. ‘आता आमचं काही चालत नाही या घरात,’ असेही शेजारी सांगून झाले. मग त्यांच्या ध्यानात आले की, चालते ते आता त्यांचेच. त्यांनी शिक्षा काढली ती अशी की, ज्याने मस्ती केली त्यास रात्रीची गोष्ट नाही. पूर्वीच्या आमच्या डोळे वटारण्यापेक्षा मुले या शिक्षेस अधिक भितात, कारण मातोश्रींची गोष्ट रोज अर्ध्यावर थांबते.

थोरल्या कन्येच्या बाबतीत मात्र आम्ही उशीर केला. ती तेरा वर्षांची आहे. झोपाळ्यावर ती येऊन बसली ती वडिलांच्या समाधानासाठी, आणि पुस्तकात डोके घालून पंधरा मिनिटे पुरी करून गेली. मुलगी मोठी होऊ लागली की बापाने बोलणे कमी करावे, असे कोणी आम्हांस शिकविले नव्हते. पण आम्ही ते करीत आलो होतो. तिच्यासाठी दुसरीच वाट सापडली. शनिवारी मंडईत जाताना तिला बरोबर नेऊ लागलो. समोरासमोर बसून जे बोलणे होत नाही, ते पिशवीचा एकेक बंद धरून शेजारी चालताना होते, असा आमचा अनुभव आहे. चौथ्या शनिवारी, मेथीच्या जुड्या निवडीत असता ती म्हणाली की, गाण्याच्या शिकवणीस ती चार वर्षे जाते ती आम्हांस गाणे आवडते म्हणून. तिला स्वतःला ते मुळीच आवडत नाही. आम्ही मेथी घेतली, पैसे दिले आणि घरापर्यंत काही बोललो नाही. बोलण्यासारखे त्या क्षणी काही सुचलेही नाही. पेटी सध्या झाकून ठेवलेली आहे. तिच्याकडे पाहून आम्हांस वाईट वाटते, हे मुलीस कळते; आणि तिला कळते हे आम्हांस कळते. या प्रकरणाचा निकाल अद्याप लागावयाचा आहे.

इतर बारीकसारीक सवयींचा उल्लेख ओझरताच करतो. पानावर बसल्यावर गुणांची चौकशी करीत नाही; अन्न अंगी लागत नाही, दोघांच्याही. मुलास रोज आपली एक फजिती सांगावी, ही सवय आम्हांस फार मानवली. आपण साहेबांसमोर कसे अडखळलो, चुकीच्या बसमध्ये कसे चढलो, हे बापाने सांगितले की मुलाची एक फजिती उलट भेट म्हणून मिळते. नोकरीनिमित्त दूर असणाऱ्या वाचकांसही हे दूरध्वनीवर सहज करता येईल. ‘जेवलास का, अभ्यास झाला का’ या दोन प्रश्नांनंतर जी शांतता पसरते, तिच्यावर दुसरा उपाय आम्हांस ठाऊक नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे मुलांसमोर खोडून काढू नये, हे सांगावयास नको. परंतु त्यांचे चुकले असे वाटल्यास मागाहूनही बोलू नये, हा जुना दंडक आम्ही सोडला आहे. आणि कधी पंधरा मिनिटे चुकतात. मार्चमध्ये तर सलग नऊ दिवस चुकली, हिशेबाचे काम घरी आणावे लागले. दहाव्या दिवशी चिरंजीवांनी येऊन झोपाळ्याच्या कड्या तपासल्या, तुटल्या की काय म्हणून.

मातोश्रींच्या तोंडून जुने वाक्य अजूनही निसटते. सत्तर वर्षांची सवय आहे. गेल्या मंगळवारी आम्ही जिना चढत असता वरून त्यांचा आवाज ऐकू आला. बंधूंच्या कन्येच्या सोंगट्या कोणी लपविल्या होत्या, त्याचा निवाडा चालला होता, आणि चिरंजीव काही केल्या कबूल होत नव्हते. मातोश्री चिडून म्हणाल्या, ‘थांब, येऊ देत बाबांना!’

आणि आतून तो म्हणाला, ‘येऊ देत की!’